पाल्याबरोबर मिनिएचर खेळ सुरू करताना

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने ‘वॉरहॅमर’ या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या दुकानाच्या काचेतून रंगवलेले छोटे सैनिक पाहिले आणि तेव्हापासून तिने त्या खेळाचा ध्यास घेतला आहे. खोक्यावर मात्र १२ वर्षे व त्यापुढील वयोगट लिहिलेला आहे. तिच्या बाबांना आणि मला या खेळाची काहीच माहिती नाही. नियम पुष्कळ, किमती चढ्या आणि त्या कथाविश्वात सतत युद्ध चाललेले दिसते. हा खेळ तिला द्यावा का? दिला तर सुरुवात कुठून करावी?
— एक आई, रेडिंग

उत्तर : जरूर सुरुवात करावी, फक्त तुमच्यापैकी एकाने तिच्याबरोबरीने शिकायला बसण्याची तयारी ठेवावी. नऊ वर्षांच्या मुलीला खोके आणून देऊन मोकळे होता येईल असा हा खेळ नाही. यात आधी सैनिकांच्या छोट्या आकृत्या, म्हणजे मिनिएचर, जोडायच्या, मग रंगवायच्या आणि त्यानंतर खेळायचे असते. खोक्यावरच्या वयामागची बरीचशी कारणे पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात आहेत : प्लास्टिकच्या चौकटीतून भाग कापून काढायला धारदार हत्यार लागते, आणि नियमांची भाषा मोठ्यांसाठी लिहिलेली असते. या दोन्ही बाबतींत मोठे माणूस शेजारी असेल तर अडचण बरीच कमी होते. भाग तोडण्याची छोटी कातरी मुलीच्या हाती द्यायला हरकत नाही, पण भागांच्या कडेला उरलेली साच्याची रेघ खरवडण्याची सुरी तुमच्याच हातात राहू द्या.

पहिली खरेदी अगदी लहान असावी. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या, दूरच्या भविष्यात घडणाऱ्या वॉरहॅमर खेळाच्या, २०२३ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीबरोबर नवशिक्यांसाठी जे प्राथमिक संच निघाले, त्यांत स्पेस मरीन (चिलखतधारी सैनिक) आणि टायरनिड (परग्रहावरचे अक्राळविक्राळ प्राणी) या दोन पक्षांच्या आकृत्या एकत्र मिळतात. त्या गोंदाशिवाय, खाचेत खाच बसवून जोडता येतात. सर्वांत लहान संचात थोडे रंग, ब्रश आणि कातरीही असते. घरातल्या दोघांना दोन पक्ष एकाच खोक्यातून मिळतात, हा याचा मोठा फायदा आहे. मोठी सेना किंवा जाड नियमपुस्तके पहिल्या दिवशी घेऊ नका. आठवी आवृत्ती २०१७ मध्ये, नववी २०२० मध्ये आणि दहावी २०२३ मध्ये आली, यावरून पुस्तके किती लवकर जुनी होतात हे लक्षात येईल. आकृत्या मात्र वर्षानुवर्षे चालतात. म्हणून पैसे खर्चायचेच असतील, तर ते मुलीला मनापासून आवडलेल्या आकृतीवर खर्चावेत.

खरेदीपूर्वी दुकानात जाऊन प्रात्यक्षिक खेळाची विनंती करा. नवख्यांना चार-सहा आकृत्या घेऊन खेळ दाखवण्याची पद्धत या दुकानांत रूढ आहे आणि त्यात कोणालाही अवघडल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. या खेळाची गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली आणि आज तिचे मुख्यालय नॉटिंगहॅमला आहे. तिथे ‘वॉरहॅमर वर्ल्ड’ नावाचे प्रदर्शन आणि खेळण्याची टेबले आहेत. मुलीचा रस टिकला, तर एखाद्या सुट्टीत तिथे अवश्य न्या. रंगवलेल्या आकृत्यांची ती मोठाली दृश्ये पाहून तिला रंगकामाची नवी उमेद मिळेल.

आता नियमांविषयी. पहिल्या डावात फक्त चालणे आणि नेमबाजी एवढेच ठेवा : प्रत्येक आकृतीने सहा इंच चालावे, मग फासे टाकावेत. पुढच्या डावात आडोशाचा नियम आणा, त्यापुढे जवळच्या हातघाईचा. डावाच्या पाच फेऱ्यांऐवजी तीन फेऱ्या खेळा. एका बैठकीत एकच नवा नियम आणला, तर मुले तो पुढच्या वेळी स्वतःहून आठवण करून देतात, आणि नियम आपल्याला येतो याचा त्यांना वाटणारा अभिमान डाव जिंकण्यापेक्षा मोठा असतो. या फाशांतून गणितही सहज शिकवता येते. समजा, १८ वेळा बंदूक झाडली. तीन किंवा अधिक पडल्यास नेम लागतो, म्हणजे सरासरी १२ नेम लागले. चार किंवा अधिक पडल्यास घाव होतो, म्हणजे सहा घाव. समोरच्याचे चिलखत तीन किंवा अधिकवर वाचवते, म्हणजे सहापैकी चार वाचले आणि दोन खरोखर लागले. अठरा फासे टाकून दोनच का लागले, असा प्रश्न मुलगी विचारेल तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन हे तिच्याबरोबर सोडवा. संभाव्यता हा विषय पाठ्यपुस्तकात भेटण्याच्या कितीतरी आधी तिच्या हातात आलेला असेल.

कथाविश्वाबद्दलची तुमची शंका मी गांभीर्याने घेते. ‘वॉरहॅमर ४०,०००’चे जग मुद्दामच अंधारलेले रचले आहे, त्यात निर्विवाद सज्जन असा पक्ष नाही आणि त्याची बहुतेक कथापुस्तके मोठ्यांसाठी आहेत. ती पुस्तके नऊ वर्षांच्या मुलीला देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण टेबलावर खेळताना ते सगळे सोबत आणण्याचे बंधन नाही. आपल्या पथकाचे नाव, त्याचे रंग, ते कशासाठी लढते, हे मुलीलाच ठरवू द्या. डावाचे उद्दिष्टही तसेच निवडा : समोरच्याला संपवण्याऐवजी टेबलावरच्या तीन खुणांपैकी दोन ताब्यात ठेवणारा जिंकला, असे ठरवले की खेळाचा सूर बदलतो आणि डावपेचही वाढतात. हे जग नकोसेच वाटले, तर याच कंपनीचा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या मिडल-अर्थ या जगावर आधारलेला खेळ २००१ पासून आहे; त्यात सुष्ट आणि दुष्ट यांची विभागणी लहान मुलांना कळण्याजोगी आहे.

रंगकामात एक पथ्य मी आग्रहाने सांगते : मुलीच्या आकृतीला तुमचा ब्रश लावू नका. तुमच्या वाटणीचे सैनिक तुम्ही रंगवा, तिचे तिला रंगवू द्या. चेहऱ्यावर रंग ओघळला, डोळे वाकडे झाले, चिलखत जांभळे आणि हिरवे झाले, तरी ती सेना तिची आहे. रात्री ती झोपल्यावर पालकांनी केलेली ‘दुरुस्ती’ मुलांच्या लगेच लक्षात येते आणि पुढची आकृती रंगवण्याची त्यांची इच्छा तिथेच थांबते. तिने विचारले, तरच शिकवा : रंगात थोडे पाणी घालून एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत, किंवा ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून हलकेच फिरवला की बारकावे उठून दिसतात. २०१९ मध्ये आलेले कॉन्ट्रास्ट प्रकारचे रंग फिकट प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या अस्तरावर) एकदाच लावले, तरी खाचांत गडद आणि उंचवट्यांवर फिके बसतात, त्यामुळे लहान मुलांचे काम एका बैठकीत पूर्ण होते. पूर्ण झालेली आकृती डावात उतरवण्याची घाई तिला असेलच. तेव्हा पहिल्या डावासाठी सगळी सेना रंगून होण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याने मित्राकडे हा खेळ पाहिला. आयात केलेली खोकी आमच्या आवाक्याबाहेरची आहेत. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात रंग नीट बसत नाहीत, असे ऐकले आहे. काही मार्ग आहे का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : मार्ग आहे, आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. नियम आणि आकृत्या एकाच कंपनीच्या असाव्यात, अशी सक्ती घरच्या टेबलावर कोणी करत नाही. ‘वन पेज रूल्स’ या नावाने मिळणारे नियम मुळात कोणत्याही आकृत्या चालतील अशा विचाराने लिहिलेले आहेत आणि त्यांची मूळ आवृत्ती विनामूल्य आहे. लहान पथकांसाठी त्यांचा ‘फायरफाइट’ हा प्रकार घ्या. यात दोन्ही खेळाडू आळीपाळीने एकेक आकृती किंवा गट हलवतात. ‘वॉरहॅमर ४०,०००’मध्ये एका खेळाडूची सगळी सेना हलेपर्यंत दुसरा बराच वेळ वाट पाहत राहतो, मुलांसाठी आळीपाळीची पद्धत मला अधिक चांगली वाटते.

आकृत्यांसाठी आधी घरात पाहा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे माळ्यावर असतील, तर दोन्ही बाजू साधारण एकाच उंचीच्या ठेवून त्यांच्यावरच पहिले डाव खेळा. किल्ला करणाऱ्या मुलाला भूप्रदेश उभा करायला शिकवावे लागत नाही. बुरूज, तट, उतार, पायऱ्या हे त्याच्या हातात आधीपासून आहे, फक्त ते आता पुठ्ठ्यावर, उचलून ठेवता येईल असे करायचे आहे. फेविकॉल लावून वर चाळलेली वाळू आणि रंगवलेला लाकडाचा भुसा पसरला की जमीन तयार होते. इथे एक सावधगिरी बाळगा : थर्मोकोलवर थेट स्प्रे रंग मारू नका, कारण त्यातल्या द्रावकाने थर्मोकोल विरघळतो. आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात देऊन पूर्ण वाळवा आणि मग ब्रशने ॲक्रिलिक रंग लावा.

त्रिमिती छपाईच्या (थ्री-डी प्रिंटरवर केलेल्या) रेझिनच्या आकृत्या कोणी देऊ केल्या, तर त्या नीट धुऊन प्रकाशात पक्क्या केल्या आहेत ना, याची खात्री करून घ्या, कारण ओले रेझिन त्वचेला अपायकारक असते; छपाईच्या यंत्रापाशी मुलाला बसवू नका. या आकृत्या प्लास्टिक जोडण्याच्या ‘सिमेंट’ नावाच्या गोंदाने चिकटत नाहीत, सुपरग्लू लागतो, आणि तो लावण्याचे काम तुमचे.

पावसाळ्याविषयी तुम्ही ऐकले ते खरे आहे. हवेत दमटपणा असताना स्प्रे प्रायमर मारला, तर पृष्ठभाग धुरकट किंवा खरखरीत होतो आणि नाजूक कोरीव काम बुजते. पावसाळ्यात ब्रशने लावायचा पाण्यातला प्रायमर वापरा, पातळ थर द्या आणि एक रात्र वाळू द्या. स्प्रे वापरायचाच असेल, तर कोरड्या दिवसाची वाट पाहा, गच्चीवर मारा आणि वाऱ्याबरोबर फवारा ज्या बाजूला जातो, तिकडे मुलाला उभे करू नका.

प्रश्न : माझा नातू आठ वर्षांचा आहे. आम्ही दोघे हा खेळ खेळतो. तो हरला की रडतो, म्हणून मी मुद्दाम हरतो. हे योग्य आहे का? शिवाय माझी नजर आता बारीक रंगकामाला पुरत नाही.
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : आजोबा, मुद्दाम हरू नका; आठ वर्षांच्या मुलाला ते कळते आणि मग त्याला खऱ्या विजयाचाही विश्वास वाटेनासा होतो. त्याऐवजी डाव सुरू होण्यापूर्वी, त्याच्या देखत, बाजू असमान करा. त्याला आठ सैनिक, तुम्हाला पाच. किंवा तुम्ही मोजकेच सैनिक घेऊन बुरूज राखायचा आणि चौथ्या फेरीअखेर एक जरी सैनिक उभा राहिला तरी तुम्ही जिंकलात, असे ठरवा. एवढे ठरल्यावर पूर्ण ताकदीने खेळा. तो सलग दोनदा जिंकला, तर पुढच्या डावात त्याचा एक सैनिक कमी करा, आणि हा निर्णय त्यालाच घेऊ द्या. हरल्यावर रडू आले, तर लगेच दुसरा डाव मांडू नका. कोणत्या फेरीत काय वेगळे करता आले असते, ते आकृत्या जागेवर ठेवूनच एकदा पुन्हा हलवून दाखवा. फासे वाईट पडले असतील, तर तसे मोकळेपणाने सांगा, कारण त्यात त्याची चूक नव्हती हे त्याला ऐकायचे असते.

नजरेसाठी भिंगाचा दिवा उपयोगी पडेल. त्याशिवाय चेहरे आणि पट्टे नातवाकडे सोपवून तळाची माती, गवत, झगे आणि ढाली ही मोठ्या ब्रशची कामे तुम्ही घ्यावीत. दोघांच्या कामाची अशी वाटणी केली, तर तुमच्या पथकाच्या आकृत्यांनाही त्याच्या हाताचे डोळे मिळतील.