केसपेपरच्या खिडकीतला प्रश्न

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची, तालुक्याच्या कॉलेजात एस.वाय.ला आहे. दोन महिने अंगावरून पांढरं जातंय, दह्यासारखं, आणि खाज इतकी की तासाला बसवत नाही. सरकारी दवाखान्यात गेले, तर केसपेपरच्या खिडकीतूनच मोठ्यानं विचारलं, "लग्न झालंय का? मग तुला कसला त्रास?" मागे रांगेत आमच्या गल्लीतल्या काकू. मी तशीच परत आले. तिथेच भिंतीवर निरोधची पेटी आहे. पुरुष येतात, घेऊन जातात, त्यांना कोणी काही विचारत नाही. माझं चुकलं काय?

उत्तर : काही चुकलं नाही, बाळा. आधी दुखण्याचं बोलू. तू लिहिलंयस तसं घट्ट पांढरं आणि खाज असेल, तर बहुतेकदा तो बुरशीचा संसर्ग असतो. अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्यावर होतो, मधुमेहात होतो, कुमारिकांनाही होतो. औषधानं बरा होतो. पण मैत्रिणीची उरलेली गोळी घेऊ नकोस आणि आतून साबण लावू नकोस, त्यानं आग वाढते. घाण वास, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणं किंवा ताप असेल तर एक दिवसही थांबू नकोस.

डॉक्टर तुला शरीरसंबंधांबद्दल विचारतील. तो प्रश्न गरजेचा आहे, कारण संसर्ग संबंधांतून आला असेल तर औषध बदलतं आणि जोडीदारालाही द्यावं लागतं. मात्र तो दार लावून, हळू आवाजात विचारायचा असतो. लग्नाचा दाखला उपचाराला लागत नाही. तू सज्ञान आहेस, तुझी संमती पुरे.

मी ग्रामीण रुग्णालयात अकरा वर्षं समुपदेशक होते. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्यातल्या सल्ला-तपासणीच्या केंद्राला आपल्याकडे मैत्री क्लिनिक म्हणतात. आमची खोली प्रसूती कक्षाला लागून होती. बाळंतिणींच्या दारात कॉलेजची मुलगी कशी उभी राहील? मुलगे तर फिरकतच नसत. भांडून भांडून खोली दातांच्या ओपीडीशेजारी हलवली, वेळ दुपारी दोन ते चार केली, म्हणजे कॉलेज सुटल्यावर येऊन शेवटची एसटी गाठता येईल. दातांच्या रांगेत कोण कशाला बसलंय, कुणाला कळतं? मग मुलगेही आले. वीर्य गेलं की ताकद जाते, या भीतीनं रात्र रात्र जागणारे. पेटीतून निरोध मिळत होता, पण ही भीती बोलायला त्यांनाही जागा नव्हती. तुला नको ते विचारतात आणि त्यांना काहीच विचारत नाहीत. नुकसान दोघांचंही होतं. मुलाला औषध कुणी देत नाही आणि मुलीला तोच आजार पुन्हा होतो, असं मी किती वेळा पाहिलं.

(अशा प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ साली खटला झाला. त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. तू हे पत्र लिहिलंस तेव्हा मला तेच आठवलं.)

आता असं कर. खिडकीत फक्त "स्त्रीरोग ओपीडी" एवढंच सांग. कारण विचारलं तर "डॉक्टरांना सांगते" म्हण. मैत्रिणीला सोबत ने, पण आत एकटीनं बोल. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात गेलीस तर मैत्री क्लिनिक कुठे आहे ते विचार. तुझी वयोमर्यादा यंदा संपतेय, पण गुप्तरोगांची तपासणी करणारी सुरक्षा क्लिनिकं आणि एचआयव्ही तपासणीची केंद्रं पुढेही तुझ्यासाठी उघडी आहेत. तिथली तपासणी मोफत आणि गोपनीय असते.

बरी झालीस की वैद्यकीय अधीक्षकांना चार ओळी लिही. खिडकीत काय विचारलं, मागे कोण उभं होतं, तू किती दिवस परत गेली नाहीस. नाव घालू नकोस. खिडकीपाशी एक पडदा आणि रांग दोन हात मागे, एवढंच माग. आमच्याकडे ती रांग मागे सरकवायला एक खडूची रेघ पुरली होती.