मंडप म्हणजे नुसतं कापड नव्हे ओ!

खानापूरच्या एका वाचकानं विचारलंय की राष्ट्रपती भवनातल्या दरबार हॉलला आता 'गणतंत्र मंडप' म्हणतात, पण मंडप तर लग्नाचा नाहीतर गणपतीचा, काम झालं की सोडायचा, मग पक्क्या इमारतीतल्या दालनाला मंडप कसं काय? 'मंडप म्हणजे कापड आणि बांबू' हे मी सारखं ऐकतोय आणि दरवेळी डोकं फिरतंय. कापडाचा तो शामियाना, डहाळ्यांचा तो मांडव. मंडप दगडाचाही असतोय ओ, बेळगावच्या किल्ल्यात जाऊन कमल बस्ती हे जैन मंदिर बघा की, रट्ट राजांच्या काळातलं १२०४ सालचं काम, छताला दगडी कमळ, त्याच्याखाली आपण उभं राहतो तो मंडपच.

आता व्युत्पत्ती. जुने पंडित सांगतात की मंड म्हणजे भाताची पेज आणि ती पिणारा तो मंडप. शब्दाची अशी फोड कोशातही आहे, पण पेज पिणाऱ्याचा खांबांशी संबंध काय ते कुणी सांगत नाही, नुसती व्याकरणाची कसरत, मला साफ नामंजूर. मंड् म्हणजे सजवणं, त्यातूनच आपलं मांडणं आलं : पाट मांडला, डाव मांडला, हिशोब मांडला, बाजू मांडली. माझं ठाम मत आहे की मंडप म्हणजे जिथं काहीतरी मांडायचं ती जागा, मग वर कापड आहे का दगड ह्यानं काही फरक पडत नाही. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आताच्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या (महात्मा बसवेश्वरांच्या) काळात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली शरण-शरणी, म्हणजे त्या पंथातले भक्त स्त्री-पुरुष, बसून आपले विचार मांडायचे, त्याचं नाव काय? अनुभव मंटप! लग्नाचा संबंध नाही.

दिल्लीतलं ते दालन इंग्रजांच्या वेळी थ्रोन रूम होतं, व्हाइसरॉय आणि त्याच्या बायकोसाठी दोन सिंहासनं. १५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंच्या सरकारचा शपथविधी तिथंच झाला आणि आता पद्म पुरस्कारही तिथं देतात. दरबार हा फारसी शब्द, दर म्हणजे दार आणि बार म्हणजे आत यायची परवानगी, म्हणजे राजाची मर्जी असेल तर आत. शेजारचा अशोक हॉल तर मुळात बॉलरूम, नाचायला म्हणून खाली लाकडी जमीन, नंतर परदेशी राजदूत तिथं आपली परिचयपत्रं द्यायला लागले. २५ जुलै २०२४ ला दोन्ही नावं बदलली, तो झाला अशोक मंडप. मंडप मला पटलं, पण 'गणतंत्र' हिंदी, मराठीत प्रजासत्ताक म्हणतात आणि आमच्या शेजारी कन्नडात गणराज्य, आपल्या बातम्यांत तरी तेवढं भान ठेवा.

आणि एक, बेळगावात मंगल कार्यालयांच्या पाट्यांवर 'कल्याण मंटप' दिसलं की फोटो काढून शुद्धलेखनाच्या नावानं हसणारे आहेत. कन्नडात तो शब्द ट घेऊनच येतोय, अनुभव मंटपातला तोच ट, तो खोडायला जाऊ नका.