वाचकांचे प्रश्न : चालणारा पलंग आणि उड्या मारणारा पट्टा

प्रश्न : इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत फ्लॅश गॉर्डन वाचल्यापासून मला अंतराळातल्या चित्रकथांची गोडी लागली. वर्तमानपत्रांतील चित्रपट्ट्यांत विज्ञानकल्पना १९२९ मध्ये ‘बक रॉजर्स’पासून आली, असे नुकतेच वाचनात आले. त्याआधी तसे काहीच नव्हते काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचलेली तारीख बरोबर आहे. फिलिप फ्रान्सिस नोलन यांनी लिहिलेली आणि डिक कॅल्किन्स यांनी रेखाटलेली ती दैनिक चित्रपट्टी ७ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेत सुरू झाली. मात्र तिथपासूनच आरंभ मोजला, तर या माध्यमातले सर्वांत समृद्ध पान नजरेआड होते. ते पान म्हणजे विन्सर मॅके यांची ‘लिटल निमो इन स्लंबरलँड’. १५ ऑक्टोबर १९०५ पासून ती ‘न्यूयॉर्क हेराल्ड’च्या रविवारच्या पुरवणीत रंगीत आणि पूर्ण पानभर छापली जाई. निमो नावाचा मुलगा रोज रात्री स्वप्नात जातो आणि शेवटच्या चौकटीत जागा होतो, एवढाच तिचा साचा होता. पण पहिल्याच पानावर तो घोड्यावर बसून ताऱ्यांमधून दौडत जातो आणि तिथून खाली कोसळतो.

मॅके यांची खरी करामत चौकटींच्या आकारात आहे. २६ जुलै १९०८ च्या पानावर निमोच्या पलंगाला पाय फुटल्यासारखे होते, ते लांबत जातात आणि पलंग खिडकीतून बाहेर पडून शहरातल्या इमारती ओलांडत चालू लागतो. पाय जसजसे लांबतात, तसतशा चौकटीही उंच होत जातात. पलंग किती वाढला हे सांगायला एकही वाक्य लागत नाही, कारण वाचकाच्या डोळ्यालाच वरून खाली अधिकाधिक अंतर कापावे लागते. १९०५ मध्येच, दुसऱ्या आठवड्याच्या पानावर, प्रचंड अळिंब्यांच्या जंगलासाठी त्यांनी हीच युक्ती वापरली होती. सुरुवातीच्या काही पानांत चौकटींखाली लांबलचक मजकूरही असे. चित्रानेच सांगून टाकलेले तो पुन्हा सांगत असे, आणि पुढे तो गळून पडला हे योग्यच झाले.

आता विज्ञानाकडे वळू. मंगळावर कालवे असल्याचे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लॉवेल यांचे म्हणणे त्या काळी लोकांच्या तोंडी होते. १९१० मध्ये मॅके यांनी निमोला हवाई जहाजातून मंगळावर नेले. तिथे सगळे काही एकाच धनाढ्याच्या मालकीचे आहे आणि श्वास घ्यायची हवासुद्धा विकत घ्यावी लागते. परक्या ग्रहावर हवेचा प्रश्न येणार, हे ओळखून त्याला बाजाराच्या व्यवहाराची जोड देणे, ही माझ्या मते अस्सल विज्ञानकथेची कल्पना आहे, मग तिच्यावर स्वप्नाचे पांघरूण असले तरी.

‘बक रॉजर्स’मध्येही दार झोपेचेच आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पिट्सबर्गजवळच्या पडक्या खाणीतल्या वायूने गुंगी येऊन बक झोपतो आणि सुमारे पाचशे वर्षांनी पंचविसाव्या शतकात जागा होतो. निमो दर रविवारी घरी परततो. बक परतत नाही. स्वप्नाला कारण द्यावे लागत नाही, पण कायमच्या भविष्याला द्यावे लागते, म्हणून इथे यंत्रांचे स्पष्टीकरण आले. अंगावर बांधायचा उड्यांचा पट्टा त्यातल्या एका काल्पनिक द्रव्यामुळे माणसाचे वजन जवळजवळ नाहीसे करतो आणि मग त्याला लांबच लांब झेप घेता येते. असे गुरुत्वाकर्षणाला नाकारणारे द्रव्य कोणाला सापडलेले नाही, आणि ते सापडले तरी वस्तुमान व जडत्व कायम राहिल्याने वेगात भिंतीवर आदळणारा माणूस तितकाच जखमी होईल. शिवाय दैनिक पट्टीला मिळे मोजक्या काळ्यापांढऱ्या चौकटींची एक अरुंद ओळ. तिथे पलंगाचे पाय लांबवायला जागा नव्हती, त्यामुळे पात्रांचे बोलणे ज्यांत लिहितात त्या फुग्यांतल्या शब्दांना ओझे वाहावे लागले. त्या कथेतले शत्रू मंगोल दाखवले आहेत, आणि आशियाई माणसांविषयीचा त्या काळचा अमेरिकी द्वेष त्यातून उघड दिसतो. हे लक्षात ठेवूनच ती वाचावी. ‘निमो’मधल्या इम्पी या पात्राचे चित्रणही आफ्रिकी लोकांचा अवमान करणारे आहे.

आपला फ्लॅश गॉर्डन ७ जानेवारी १९३४ रोजी ॲलेक्स रेमंड यांच्या कुंचल्यातून आला आणि रविवारच्या रंगीत पानामुळे चित्राला पुन्हा ऐसपैस जागा मिळाली.

‘निमो’ची १९०५ ते १९११ मधली पाने अमेरिकेत स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेल्याने इंटरनेटवर सहज पाहता येतात. ती मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर आधी संपूर्ण पान एका नजरेत घ्यावे, चौकटी कुठे उंचावतात ते पाहावे आणि मगच फुग्यांतले शब्द वाचावेत.