70 हजार कमिट कसे वाचायचे?

प्रिय मित्रा,

लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, 6.1 वरून 6.6 वर न्यायचाय आणि मधले सगळे बदल वाचायला तू दोन आठवडे मागून घेतलेस, हे वाचून हसू आलं. एका आवृत्तीत 13 ते 15 हजार कमिट, म्हणजे संदेशासह नोंदलेले सुटे बदल, येतात. पाच आवृत्त्यांचे झाले 70 हजार. डिफ (दोन आवृत्त्यांतला ओळीओळीचा फरक) उघडून वरून खाली वाचायला बसलास तर तिसऱ्या दिवशी डुलक्या लागतील, आणि त्यात तुझा दोष नसेल.

आकड्यावरूनही अंदाज बांधू नकोस. 2011 साली 2.6.39 नंतर थेट 3.0 आलं, ते काही मोठं उलथापालथीचं काम झालं म्हणून नव्हे, मागचा आकडा नको तितका लांबला होता म्हणून. उलट 6.6 दिसायला साधं, पण त्यात 2.6.23 पासून चालत आलेल्या सीएफएस शेड्युलरच्या (प्रोसेसरचा वेळ प्रोग्राममध्ये वाटणाऱ्या भागाच्या) जागी ईईव्हीडीएफ आला. म्हणजे तुझ्या कोडमध्ये काहीही न बदलता प्रोग्रामची चाल बदलू शकते.

आधी फक्त मर्ज, म्हणजे कमिटचा गठ्ठा मुख्य कोडमध्ये मिसळल्याच्या नोंदी, वाच. बदलांचा इतिहास दाखवणाऱ्या गिट लॉगला मर्जेस आणि फर्स्ट-पेरेंट हे दोन पर्याय दे. कर्नलचा एकेक भाग सांभाळणारा मेंटेनर आपलं काम लिनक्सच्या जनकाकडे, टोरवाल्ड्सकडे, पाठवताना जो सारांश लिहितो, तो मर्ज कमिटमध्ये तसाच राहतो. हजारोंची यादी एका आवृत्तीमागे काही शेंवर येते. त्यातलं तुझ्या कामाचं निवड आणि मग त्या फोल्डरपुरताच लॉग काढ.

कमिटचा संदेश मात्र पूर्ण वाच. हे मी ठेच लागून शिकलो. मुख्य कोडबाहेर ठेवलेला आमचा एक ड्रायव्हर 4.15 वर बांधला जाईना, कारण त्यातलं सेटअप_टायमर हे फंक्शनच गायब झालं होतं. नवं टायमर_सेटअप दिसलं, ते वापरलं, कॉलबॅकचा (वेळ झाली की टायमर चालवतो त्या फंक्शनचा) प्रकार जुळेना म्हणून कंपायलरचं तोंड बंद करायला कास्ट ठोकला, म्हणजे प्रकार जबरदस्तीने बदलला. मॉड्यूल मुकाट्याने लोड झालं आणि पहिला टायमर वाजताच मशीन आडवं. कारण संदेशात लिहिलेलंच होतं. पूर्वी कॉलबॅकला द्यायची किंमत टायमरच्या स्ट्रक्चरमध्ये फंक्शन पॉइंटरच्या शेजारीच असे, त्यामुळे मेमरी ओव्हरफ्लो साधणाऱ्याला दोन्ही एकदम हाती लागत. म्हणून आता कॉलबॅकला टायमरचाच पॉइंटर मिळतो आणि आपलं स्ट्रक्चर त्यावरून शोधायचं असतं. मी मात्र त्या पॉइंटरलाच जुनी किंमत समजत होतो! नवी पद्धत 4.14 मध्येच येऊन बसली होती, जुनी 4.15 मध्ये काढली. गिट लॉगला मोठा एस (दिलेला मजकूर जिथे आला किंवा गेला ते कमिट शोधणारा पर्याय) आणि जुन्या फंक्शनचं नाव दिलं असतं, तर दहा मिनिटांत उलगडलं असतं.

यूजरस्पेस, म्हणजे कर्नलवर चालणारे बाहेरचे प्रोग्राम, मोडायचं नाही, हा कर्नलचा कडक नियम आहे. आतल्या फंक्शनांबद्दल मात्र कुणीही, कधीही, कसलंही वचन दिलेलं नाही.

स्टेबल शाखांचा, म्हणजे जुन्या आवृत्तीत फक्त दुरुस्त्या घालत राहणाऱ्या शाखांचा, घोळ वेगळाच. 6.1 च्या शाखेत नंतरच्या आवृत्त्यांमधले कितीतरी फिक्स मागाहून आलेत, पण तिथे त्यांचा हॅश (कमिटचा ओळखक्रमांक) निराळा असतो. तेव्हा एखादा फिक्स आपल्याकडे आहे का हे बघताना मूळ हॅश कमिटच्या यादीत नव्हे, संदेशांच्या मजकुरात शोध. तिथे अपस्ट्रीमचा, म्हणजे मुख्य कोडमधल्या मूळ कमिटचा, हॅश लिहिलेला सापडेल.

कॉन्फिगबद्दल, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं याच्या निवडीबद्दल, एवढंच: ओल्डडेफकॉन्फिग ही कमांड घाईत चालवू नकोस. नव्या पर्यायांची उत्तरं ते तुला न विचारता भरून टाकतं. आधी लिस्टन्यूकॉन्फिगने यादी काढ आणि मला पाठव, दोघं मिळून बघू.

एवढं करूनही काही बिघडलंच, तर बिघाड आणणारा कमिट शोधून देणारं गिट बायसेक्ट आहे. दर वेळी निम्मे कमिट गळतात, म्हणजे 70 हजारांत साधारण 17 वेळा बिल्ड करावं लागेल. तपासणीची छोटी स्क्रिप्ट लिहून ठेव आणि संध्याकाळी निघताना लावून दे.

तुझा,
जुना सहकारी