शरणपूर रोडवरचं शरणपूर

प्रश्न : ताई, आम्ही वर्षभरापूर्वी नाशिकला शरणपूर रोडला राहायला आलो. मला वाटायचं शरणपूर हे कुठल्यातरी देवस्थानाचं नाव असेल, पण शेजारच्या काकू म्हणतात इथे ख्रिस्ती लोकांचं गाव होतं आणि आफ्रिकेतली मुलं राहायची. खरंच? दुसरं म्हणजे रविवारी चर्चमधून पेटी-तबला ऐकू येतो, मध्ये एकदा तर चक्क कीर्तन होतं. चर्चमध्ये कीर्तन? आणि आम्ही गेलो तर चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काकूंचं खरं आहे हो. आज तिथे सिग्नल आणि शोरूम दिसतात, पण १८५० च्या दशकात ते नाशिकबाहेरचं गाव होतं, चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशनरी संस्थेच्या विल्यम प्राइस यांनी वसवलेलं. बाप्तिस्मा घेतला की घरातून, जातीतून बाहेर काढायचे, मग राहायचं कुठे आणि खायचं काय? म्हणून शरण आलेल्यांचं ते शरणपूर. चर्च, शाळा, अनाथाश्रम आणि हाताला काम द्यायला सुतारकाम-लोहारकामाची वर्कशॉप.

आता आफ्रिकन मुलं. गुलाम भरून नेणारी गलबतं इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात पकडायचं, सुटलेली पोरं मुंबईला उतरवायचे, त्यातली बरीच शरणपूरला यायची. १८६५ मध्ये आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन स्वतः नाशिकला आला आणि आफ्रिकेतल्या आपल्या शेवटच्या सफरीसाठी इथली काही मुलं घेऊन गेला. नंतरच्या तुकडीतून गेलेला जेकब वेनराइट तर मला फार आवडतो. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं नाव झाडाच्या खोडावर कोरलं ते या जेकबनं, मृतदेह किनाऱ्यापर्यंत खांद्यावरून नेणाऱ्यांत तो होता, तिथून बोटीनं लंडनला गेला आणि तिथल्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चमध्ये दफनाच्या वेळी शवपेटीला हातही लावला, आणि हे सगळं नाशिकच्या शाळेत शिकलेल्या पोरानं! पुढे १८७४ ला प्राइसही पूर्व आफ्रिकेत मोंबासाला गेले आणि तिथे सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअर टाउन वसवलं, त्या वस्तीत नाशिकहून गेलेली मंडळी होतीच.

कीर्तनाचं म्हणाल तर ते रेव्हरंड टिळकांचं देणं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि कीर्तन काही सोडलं नाही, येशूची कथा टाळ-चिपळ्यांवर सांगितली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि गेल्याही नाशिकलाच, १९३६ मध्ये. त्यामुळे मराठी ख्रिस्ती मंडळींना पेटी-तबल्याशिवाय उपासना अळणीच लागते, माझ्या एका मैत्रिणीचे सासरे तर नुसता ऑर्गन वाजला की म्हणतात, आज साहेबाची उपासना दिसतेय.

जायला कोण अडवतंय? मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभं राहायचं, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस देतात त्या वेळी मात्र जागेवरच बसा, ते बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं. पण माझं ऐकाल तर हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेला जा, तारीख पाळकसाहेबांना विचारा. लोक घरून भोपळा, गव्हाचं पायलीभर पोतं, अंडी, केक, कोंबडीसुद्धा आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासना संपली की अंगणात लिलाव. मी गेले होते तेव्हा कोथिंबिरीच्या एका जुडीवरून दोन काका हट्टाला पेटले, वीसवरून साडेचारशेवर गेली, आणि ज्यांनी घेतली त्यांनी ती परत लिलावाला ठेवली! पैसे चर्चच्या कामाला जातात. पिशवी न्या, नवऱ्याला मात्र बोली लावू देऊ नका.