राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी सातारा परिसरातील विषय

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी सातारा जिल्ह्यातील लोकशाही संस्थांवर कोणता विषय घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते औंध संस्थानाची 1939 ची राज्यघटना घ्यावी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवताना गांधीजींचा सल्ला घेतला आणि सत्तेचा पाया गावच्या निवडून आलेल्या पंचायतीत घातला. संस्थानाचा काही भाग आज सांगली जिल्ह्यात, आटपाडीकडे आहे, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांत फिरावे लागेल. प्रतिसरकारावर, म्हणजे 1942 च्या चळवळीतील साताऱ्याच्या समांतर सरकारावर, पुष्कळ लिहिले गेले आहे, तिकडे गर्दी आहे.

तुलनेसाठी पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीनंतरची ग्रामसभा घ्या. मात्र केवळ कलम 243 उतरवून प्रकरण भरू नका. त्याच परिसरातील एखाद्या ग्रामपंचायतीची इतिवृत्ताची वही मागून पाहा: सह्या आणि अंगठे किती आहेत, गणपूर्तीअभावी (किमान हजेरी नसल्याने) सभा किती वेळा तहकूब झाली, महिलांच्या सह्या एकाच हस्ताक्षरातील तर नाहीत ना, हे तिथेच दिसते. वही सहज मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. उत्तराची मुदत साधारणपणे 30 दिवस असते, म्हणून तो प्रबंधाच्या पहिल्याच महिन्यात द्यावा. आणखी एक, ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नव्हे. तोंडी परीक्षेत मुले इथेच हमखास अडखळतात.