वडील ७८ वर्षांचे, नागपुरात सक्करदऱ्याला एकटे राहतात आणि मी पुण्यात. त्यांचे पैसे फ्रॉडपासून कसे वाचवू?

आमचे बाबा मनीषनगरला एकटेच असतात म्हणून सांगतो. आधी दोन खाती करा, पेन्शन न् एफडीच्या खात्याला ना यूपीआय ना नेटबँकिंग, दुसऱ्यात किराणा-औषधापुरते दहा-पंधरा हजार आणि मोबाईलला फक्त तेच जोडायचं, म्हणजे कोणी गंडवलंच तरी जन्माची कमाई जात नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबांना व्हिडिओ कॉल आला, वर्दीतला माणूस, तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, कोणाला सांगू नका, दार लावून बसा. बाबा खरंच बसले हो! डबा दाराबाहेर तसाच थंड पडून होता, डबेवाल्या काकूंनी मला फोन केला म्हणून वाचलो. अशी व्हिडिओ कॉलवरची अटक, ज्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, तसं कायद्यात काही नाहीच, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली पण कॉल येतात, ओटीपी मागतात. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, सोबत बँकेलाही. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. आम्ही हा नंबर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

एक मात्र करा, पासबुक त्यांच्याच हाती राहू द्या, आणि काही चुकलं तर रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत.